मोकळा वैल

"आता ह्या पान्याचं काय करायचं?" आनसाक्कांनी विचारलं.

"काही नाही. ओतून द्यायचं."

"च्या तरी टाकू?"

"नको."

"मग आंगूळ कर. सकाळधरनं तसाच हाईस."

"अहो आक्का, पाणी नुसतं उकळून बघायचं होतं. बघितलं. झालं."

आनसाक्कांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या हातातल्या थर्मामीटरकडे आणि मग पातेल्यातल्या पाच लिटर खळखळत्या पाण्याकडे. "एवढी लाकडं जाळायची, पानी उकळायचं आन् मोरीत वतायचं? शिकल्याली मानसं म्हंजी..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पदरानं पातेलं उचललं, परसात नेलं आणि त्या पाण्यात सरळ घोंगडं भिजत घातलं. सरकारी प्रयोगाच्या पाण्यात धुतलेलं ते पहिलंच घोंगडं असावं.

ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. मी तेवीस वर्षांचा होतो. डिग्री ताजी होती, नोकरी हंगामी होती आणि दोन्हींचा तोरा मात्र कायमचा होता. आमच्या ऊर्जा केंद्रात चुली तपासायचं काम चाले. तालुक्यातल्या दीडशे घरांत सरकार कमी लाकूड खाणारी चूल बसवणार होतं, आणि शर्यतीत दोन चुली उरल्या होत्या. एक आमच्या राजोपाध्ये साहेबांनी स्वतः आखलेली पत्र्याची. तिला त्यांनी आपल्या मुलीचं नाव दिलं होतं, शलाका. दुसरी वारणेकाठच्या पिंपळोशी गावातली, आनसाक्का कुंभारणीच्या हातची, मातीची. शलाकेची परीक्षा केंद्रात होऊन तिला बावीस टक्के पडले होते. म्हणजे लाकडातल्या शंभर भाग उष्णतेतले बावीस भाग पाण्यात उतरले, बाकीचे वाऱ्यावर गेले. आक्कांच्या चुलीचा आकडा काढायला मी वजनकाटा, थर्मामीटर आणि छापील फॉर्मांचा गठ्ठा घेऊन सोमवारी एस.टी.तून उतरलो होतो.

"जाताय ते ठीक," निघताना साहेब म्हणाले होते, "पण एक लक्षात ठेवा, मगदूम. आकडा कुणाचा नातेवाईक नसतो."

गावात मात्र मी उतरायच्या आतच बातमी पोचली होती की मोजणीवाला आलाय. मोजणी म्हटली की गावाला एकच ठाऊक, शेतजमिनीची. मी शाळेच्या खोलीत सामान टाकतो न टाकतो तोच एक गृहस्थ चार अंडी घेऊन आला आणि हळूच विचारता झाला की वरच्या अंगाचा बांध हातभर सरकेल का. मी चुली मोजतो म्हटल्यावर त्यानं अंडी परत नेली.

माझं जेवण आनसाक्कांकडे होतं. साठीच्या आतबाहेरच्या, काटक, बोलायला फटकळ बाई. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता, मूलबाळ नव्हतं. अंगणात भिंतीला टेकून कुंभाराचं चाक उभं होतं आणि त्याच्यावर कोंबड्या बसत. स्वयंपाकघरात चूल. तिला दोन तोंडं होती. पुढच्या मोठ्या तोंडावर तवा किंवा पातेलं बसायचं आणि त्याखालचा जाळ बाजूच्या एका भोकातून दुसऱ्या, लहान तोंडाखाली जायचा. त्या लहान तोंडाला वैल म्हणतात हे मला तिथं कळलं. मी सांगलीत रॉकेलच्या स्टोव्हवर वाढलेला.

"वैल मोकळा ठेवायचा, आक्का," मी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं.

"मोकळा? चूल पेटल्याव आमच्यात वैल मोकळा ठेवत न्हाईत. काय न्हाई तर तांब्याभर पानी तरी ठेवत्यात."

"प्रयोग स्वच्छ झाला पाहिजे. फॉर्ममध्ये एकाच भांड्याचा रकाना आहे."

"तुझा फारम माझी चूल फुकनार काय?" त्या म्हणाल्या, पण वैलावरचा तांब्या उचलला.

तीन दिवस हे चाललं. लाकडं तोलायची, पेटवायची, पाणी उकळायचं, घड्याळ बघायचं, उरलेलं पाणी तोलायचं. मग निखारे काढून झाकणाच्या डब्यात कोंडायचे आणि विझले की तेही तोलायचे. निखारे काढले की प्रयोग संपला. मी वही मिटायचो आणि आक्का माझ्या मागोमाग येऊन गार चुलीवर दुधाचं पातेलं ठेवायच्या. मांजराचं तोंड लागू नये म्हणून ठेवत असतील, असं मला वाटायचं. दुपारी जेवायला भाकरी आणि खर्डा असे. भूक सपाटून लागलेली असे, त्यामुळे मी चार भाकऱ्या सहज उडवायचो.

"चार भाकऱ्या," आक्का बुधवारी म्हणाल्या. "आन् काम काय केलंस? पान्याकडं बघत बसलास. तुझं टक्कं काढलं तर किती निघंल रं?"

मी हसलो, पण मनातल्या मनात हिशेब करून पाहिला आणि आकडा कुणाला सांगितला नाही.

गुरुवारी दुपारी तिन्ही दिवसांची सरासरी निघाली. मी ऐटीत वहीवरून मान वर केली.

"चौदा टक्के."

"शंभरातलं?"

"शंभरातले."

"आन् ती पत्र्याची?"

"बावीस."

आक्का उठल्या आणि अंगणातल्या चाकावरच्या कोंबड्या उगाचच हुसकावून आल्या.

"हे चाक बघितलंस न्हवं?" त्या म्हणाल्या. "ह्येला बाईनं हात लावायचा न्हाई. म्हाताऱ्याच्या मागं ते बंद पडलं. मडकी गेली, रांजन गेलं. चुलीला चाक लागत न्हाई. माती, लीद, राख, भाताचं तूस, आन् हे दोन हात. तेवढीच एक विद्या माझ्याकडं ऱ्हायलीया. आता घरोघरी सरकारी पत्रा आला की मला कोन इचारतंय? बरं झालं, तू खरं ते सांगितलंस."

मला वाईट वाटलं. पण आकडा कुणाचा नातेवाईक नसतो, असं मी स्वतःला बजावलं आणि शाळेत जाऊन फॉर्म शाईनं नीट भरला. शेवटचा एकूण टक्क्यांचा चौकोन तेवढा केंद्रात जाऊन भरायचा म्हणून सोडला.

शुक्रवारी सकाळी मी परत जाणार होतो. आक्कांनी जेवून जा म्हटलं. प्रयोग नव्हता, काटा-थर्मामीटर पिशवीत होते. पानात भाकरी पडली आणि तिच्यावर आमटी. पहिलाच घास घेतला आणि जीभ पोळली.

"आक्का, आज आमटी कशी काय?"

"कशी म्हंजी?"

"तीन दिवस नव्हती."

"कुठनं आसनार? तीन दिस वैल मोकळा ठेवलावतास. पुढं भाकरी हुईस्तवर आमटी वैलाव शिजती. येगळं लाकूड कोन घालतंय तिला?"

मी घास हातात धरून बसून राहिलो. पुढं भाकरी, मागं आमटी, जाळ एकच. आणि तो मागचा जाळ मी तीन दिवस वाऱ्यावर सोडला होता, स्वच्छ प्रयोगाच्या नावाखाली. चुलीचं एक तोंड बांधून तिला कमी शिजवतेस म्हणून नापास करण्यातलाच हा प्रकार होता. मला माझीच लाज वाटली. खरं तर गुरुवारीच आक्कांनी माझ्या पाठीत लाकूड घालायला हवं होतं.

"आक्का, तुम्ही बोलला का नाहीत?"

"पैल्याच दिशी बोललो की. तू म्हनलास फारममदी रकाना न्हाई."

एस.टी. गेली ती गेलीच. मी काटा परत काढला. शुक्रवारी आणि शनिवारी दोन्ही तोंडांवर पाणी ठेवून मोजलं. पुढचे चौदा तसेच आले, वैलाचे सात आले. एकवीस. फॉर्मच्या समासात पट्टीनं एक नवा रकाना आखला, वर शाईनं लिहिलं 'वैल', आणि खाली सात.

एकवीस आणि शलाका बावीस. एका टक्क्यानं घोडं अडलं होतं. आणि तो एक टक्का म्हणजे काय, तर थर्मामीटर जरा तिरका धरला तरी पडेल एवढा फरक. मी आक्कांच्या ओसरीत बसलो होतो. समोर फॉर्म, शेवटचा एकूण टक्क्यांचा चौकोन रिकामा. बावीस लिहिलं तर बरोबरी होईल, मग साहेब आपल्याच मुलीला नंबर देतील. मी तेवीस लिहिले.

"हे काय लिवलंस?" आक्का शेंगा फोडता फोडता म्हणाल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, म्हणून मी निवांत होतो.

"तुमच्या चुलीचा आकडा."

"किती?"

"तेवीस. तुम्ही जिंकलात."

"सोमवारधरनं समदं शाईनं लिवलंस. ह्योच तेवढा पेन्शिलीनं का?"

मी पाहिलं, तर खरंच माझ्या हातात पेन्सिल होती. कधी उचलली तेही आठवेना.

"खरं किती हाय?"

"एकवीस."

आक्कांनी सूप बाजूला ठेवलं. "पुस."

"आक्का, एक-दोन टक्क्यांनी कुणाचं काय जातंय? तुमचं सगळं मात्र जाईल."

"जाईल तर जाऊ दे. आमच्यात कच्चं भांडं गिऱ्हाइकाला देत न्हाईत. आन् मापात पाप करून दीडशे घरांत चूल बसवायची, आन् रोज सकाळी त्या बाया माझं नाव घ्येऊन पेटवनार. पुस म्हनतो न्हवं?"

मी खोडरबरानं पुसलं. चौकोन परत रिकामा झाला. मला वाटतं, त्या दिवशी आक्कांपेक्षा मीच जास्त हिरमुसलो होतो. उठता उठता त्यांनी, रोजच्यासारखं, दुधाचं पातेलं चुलीवर ठेवलं.

"मांजर फार त्रास देतं का?" मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"मांजर? मांजर कुठलं?"

"मग दूध चुलीवर कशाला ठेवता? चूल तर विझलीय. निखारे मी काढून घेतले."

आक्कांनी माझा हात धरला आणि चुलीच्या मातीवर ठेवला. मी तो झटकन मागं घेतला.

"आर काढला म्हंजी चूल निवली, आसं तुला कुनी सांगितलं?" त्या म्हणाल्या. "दूध दोन तासानं बघ जा. सायीचा थर धरंल. येगळं लाकूड न्हाई."

ते मी रविवारी बघितलं, पण डोळ्यांनी नव्हे. पुन्हा सगळा प्रयोग केला, निखारे काढले आणि दोन लिटर दुधात थर्मामीटर सोडून चुलीसमोर मांडी घातली. सुरुवातीला सत्तावीस अंश. दोन तास मी जागचा हललो नाही. आक्कांनी मध्ये एकदा विचारलं की दूध नासलंय का, एवढं काय त्याच्या तोंडाकडं बघतोस. दोन तासांनी एकसष्ट अंश. चौतीस अंशांची वाढ. वहीत गुणाकार-भागाकार केला आणि दोनदा तपासला. जाळलेल्या लाकडाच्या जवळजवळ दोन टक्के.

एकवीस आणि दोन. मी त्याच चौकोनात, पुसलेल्या जागेवर, शाईनं लिहिलं, तेवीस.

सोमवारी मी आक्कांना घेऊन तालुक्याच्या गावी साहेबांच्या ऑफिसात गेलो. राजोपाध्ये साहेबांनी फॉर्म वाचला. वैलाचा रकाना पाहून भुवया उंचावल्या, दुधाचं गणित पाहून चष्मा काढला. मग कागद खिडकीच्या उजेडात धरला.

"मगदूम, शाईच्या खाली पेन्सिलीचे तेवीस दिसतात. ते कधी लिहिले?"

"शनिवारी."

"आणि मोजले कधी?"

"रविवारी."

साहेबांनी फॉर्म टेबलावर ठेवला, अगदी हलक्या हातानं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. रविवारचा खरा आकडा आता कोण खरा मानणार होतं? माझ्या नोकरीचं जाऊ दे, आक्कांची चूल मी माझ्या हातानं फोडली होती.

"साहेब," आक्का पुढं झाल्या. "शनिवारी पोरानं पाप केलंतं. म्या पुसाय लावलं. रविवारचं खरं हाय. इस्वास नसंल तर उद्या तुमी सोता या आन् मोजा. काटा तुमचा, लाकडं तुमची, ती तुमची पत्र्याचीबी घिऊन या. चूल तेवढी माझी."

साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "दूध किती लिटर लागेल?"

मंगळवारी साहेब जीपमधून आले. मागं शलाका, तोललेली लाकडं आणि काटा. त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, पाटावर बसले आणि डोळ्यांतून पाणी गाळत स्वतः जाळ घातला. मला हात लावू दिला नाही. मी दारात उभा. आक्कांच्या चुलीला वैलासकट एकवीस आले, शलाकेला पूर्वीचेच बावीस. निखारे त्यांनी स्वतः काढले. दोन्ही चुलींवर दोन-दोन लिटर दूध चढलं आणि दोन थर्मामीटर. शलाकेवरचं दूध तीन अंशांनी चढलं आणि तिथंच थांबलं. पत्रा केव्हाच गार झाला होता. आक्कांच्या मातीवरचं दूध मात्र हळूहळू चढत राहिलं, पन्नास, पंचावन्न, साठ. साठच्या पुढं गेल्यावर साहेबांनी झाकण उचलून वाकून बघितलं, जणू आत कुणी लपून विस्तव लावतंय.

"तेवीस," ते शेवटी म्हणाले आणि खिशातलं पेन काढून स्वतःच्या अक्षरात नवा फॉर्म भरला. वैलाचा रकाना त्यांनीही पट्टीनं आखला.

"मंजी पास?" आक्कांनी विचारलं.

"पहिल्या नंबरानं, बाई. दीडशे चुली तुमच्या."

आक्का मटकन खाली बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. धुरामुळं नव्हे, जाळ विझून दोन तास झाले होते.

साहेब माझ्याकडे वळले. "तुमचं मात्र अवघड आहे, मगदूम. न मोजलेला आकडा लिहिणारा माणूस मला केंद्रात ठेवता येणार नाही. उद्या येऊन कागद घेऊन जा."

मी मान खाली घातली. त्यांचं काही चुकत नव्हतं.

"साहेब," आक्का बसल्या जागेवरून म्हणाल्या, "त्यालाबी वैल धरून मोजा की."

"म्हणजे?"

"पेन्शिलीनं लिवलं ते तुमी मोजलं. पुसलं, ते? यस्टी सोडून परत काटा काढला, ते? दोन तास दुधाम्होरं बसला, ते? आन् काल तुमी मोजलं कवा इचारलं तवा रविवार म्हनला. शनिवार म्हनला आसता तर तुमाला काय कळनार हुतं? नुसतं पुढचं तोंड मोजून नापास करू नगा. म्याबी चौदालाच नापास झालोवतो."

राजोपाध्ये साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग माझ्यापुढं हात केला. "पेन्सिल द्या."

मी दिली. त्यांनी ती स्वतःच्या खिशात ठेवली.

"ही परत मिळणार नाही. उद्या दहाला ऑफिसात या. फॉर्म नवीन छापायचेत." आणि आक्कांना म्हणाले, "बाई, ते दूध तापलंच आहे, तर चहा होईल का?"

आक्कांनी चूल पेटवली. पुढं चहाचं भांडं ठेवलं आणि वैलावर तांब्याभर पाणी.

पुढं त्या दीडशे चुली आक्कांनी गावातल्या चार बायांना हाताशी घेऊन पुऱ्या केल्या. मी केंद्रात एकतीस वर्षं काढली आणि पेननंच लिहीत राहिलो. मोठा साहेब झाल्यावर हाताखालच्या माणसांचे वार्षिक अहवाल माझ्या टेबलावर येऊ लागले. पहिल्याच वर्षी एका मुलाचा अहवाल भरताना पाहिलं, त्या छापील फॉर्ममध्येही वैलाचा रकाना नव्हता. मी पट्टी मागवली.